विंडोज-एक्सची यादी: कोणत्या अक्षरामागे काय आहे आणि कुठे हात लावू नये

कीबोर्डवरची विंडोज कळ दाबून धरायची आणि एक्स दाबायचं. स्टार्ट बटणापाशी एक साधी यादी उघडते. चित्रं नाहीत, सजावट नाही, नुसती नावं. स्टार्ट बटणावर राइट-क्लिक केलं तरी हीच यादी येते. डिव्हाइस मॅनेजर, डिस्क मॅनेजमेंट, इव्हेंट व्ह्यूअर, टर्मिनल, टास्क मॅनेजर अशा जागांपर्यंत एरवी सेटिंग्जमधून चार-पाच पानं उलटत जावं लागतं. इथे त्या एका अक्षरावर आहेत.

ही यादी २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली. त्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने स्टार्ट बटणच काढून टाकलं होतं. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं आणि त्यावरचं राइट-क्लिकही सुरू झालं. २०१७ च्या विंडोज १० क्रिएटर्स अपडेटने यादीतून कंट्रोल पॅनेल वगळलं आणि कमांड प्रॉम्प्टच्या (हुकूम टाइप करून देण्याच्या खिडकीच्या) जागी पॉवरशेल बसवलं. विंडोज ११ मध्ये त्याच जागी टर्मिनल दिसतं. त्यामुळे जुन्या व्हिडिओतली यादी आणि तुमच्या पडद्यावरची यादी जुळली नाही तर घाबरू नका, कॉम्प्युटर बिघडलेला नाही. कंट्रोल पॅनेल हवंच असेल तर विंडोज-एक्स, मग आर दाबून रन उघडा आणि इंग्रजीत ‘कंट्रोल’ टाइप करून एंटर द्या.

खरी गंमत अक्षरांत आहे. यादी उघडल्यावर कळा सोडून द्यायच्या आणि मग एकच अक्षर दाबायचं. एम म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, के म्हणजे डिस्क मॅनेजमेंट, व्ही इव्हेंट व्ह्यूअर, टी टास्क मॅनेजर, वाय सिस्टिम, ओ पॉवर ऑप्शन्स, ए ॲडमिन हक्कांचं टर्मिनल. जी दाबलं की कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडतं, आणि त्या एका खिडकीच्या डाव्या बाजूला डिव्हाइस मॅनेजर, डिस्क मॅनेजमेंट, इव्हेंट व्ह्यूअर, टास्क शेड्यूलर आणि सर्व्हिसेस हे सगळं एकत्र असतं. इतकी अक्षरं लक्षात ठेवायचा कंटाळा असेल तर जी एवढं ठेवा.

मराठी टाइप करणाऱ्यांची एक अडचण मात्र इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही. कीबोर्ड इनस्क्रिप्ट मराठीवर असेल तर एमच्या कळेतून देवनागरी अक्षर जातं, आणि यादी ते ओळखत नाही. यादी उघडते, पण पुढे काही होत नाही. विंडोज-स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा, किंवा वर-खाली बाणांनी हव्या त्या ओळीवर जाऊन एंटर द्या. विंडोजची भाषाच मराठी केली असेल तर नावं आणि अक्षरं दोन्ही बदलतात. इथे दिलेली अक्षरं इंग्रजी विंडोजची आहेत.

बदल करायला ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागतात. साध्या खात्यातून डिव्हाइस मॅनेजर उघडतं, पण ‘फक्त पाहता येईल, बदलता येणार नाही’ असं सांगून. पडदा अंधारून परवानगी विचारली गेली की ऑल्ट-वाय दाबलं तरी होकार जातो. मात्र तुम्ही स्वतः काही उघडलेलं नसताना हा प्रश्न आला, तर उत्तर ‘नाही’ हेच.

एम: डिव्हाइस मॅनेजर

आवाज गेला, वायफाय दिसेना, पेन ड्राइव्ह लागेना, अशा वेळी पहिली भेट इथे द्यावी. नावापुढे पिवळा त्रिकोण असेल तर त्या उपकरणात अडचण आहे. खाली वळलेला छोटा बाण असेल तर ते कोणीतरी बंद करून ठेवलंय. नावावर डबल-क्लिक केलं की ‘डिव्हाइस स्टेटस’ चौकटीत कोड क्रमांक दिसतो, आणि निम्मं निदान तिथेच होतं. कोड २२ म्हणजे उपकरण डिसेबल केलेलं. राइट-क्लिक करून एनेबल केलं की काम झालं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच, म्हणजे ते उपकरण विंडोजला चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअरच, नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही, आणि कोड ४३ म्हणजे उपकरणानेच आपण बिघडल्याचं कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलंय. ४३ आला की आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा. ड्रायव्हरच्या मागे लागण्याची पाळी त्यानंतर.

अपडेटनंतर एखादी गोष्ट बिघडली असेल तर ड्रायव्हर टॅबमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरा. ते बटण फिकट असेल तर मागची आवृत्ती साठवलेली नाही, म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरून जुना ड्रायव्हर आणावा लागेल. ‘अपडेट ड्रायव्हर’ दाबल्यावर ‘सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे’ असं उत्तर आलं तरी ते शेवटचं मानू नका. विंडोजला त्याच्याकडे जे उपलब्ध आहे त्यातलं ते सर्वोत्तम वाटतं, एवढाच त्याचा अर्थ. लॅपटॉपचा ग्राफिक्स किंवा टचपॅडचा ड्रायव्हर उत्पादकाच्या पानावर तुमचा मॉडेल क्रमांक घालूनच घ्यावा. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये बसवून देणारी फुकट सॉफ्टवेअरं टाळलेली बरी. त्यांच्यासोबत नको त्या गोष्टी येतात, आणि चुकीचा ड्रायव्हर बसला तर शोधायचा कुठे हेही कळत नाही.

वायफाय थोड्या थोड्या वेळाने तुटत असेल तर नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफाय कार्डावर डबल-क्लिक करा आणि ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली ‘वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटरला हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाच्या ओळीवरची टिक काढा. मध्येच गायब होणाऱ्या यूएसबी उपकरणांसाठी हेच ‘यूएसबी रूट हब’वर करून बघता येतं. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅबच नसतो, कारण त्यांची झोपायची पद्धत वेगळी आहे.

माउसच बंद पडला असेल तर? टॅब दाबून यादीत जा, बाणांनी वर-खाली करा, उजव्या बाणाने गट उघडा आणि हव्या त्या नावावर शिफ्ट-एफ१० दाबा. राइट-क्लिकचा मेनू उघडेल.

के: डिस्क मॅनेजमेंट

या यादीतली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत धोकादायक जागा हीच. इथे चुकीच्या ओळीवर केलेल्या ‘डिलीट व्हॉल्यूम’ला अनडू नाही आणि रीसायकल बिनही नाही.

सी ड्राइव्हमधून नवा भाग काढायचा असेल तर सीवर राइट-क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो, आणि इथे एक जीबी म्हणजे १,०२४ एमबी. १०० जीबीचा भाग हवा असेल तर १,०२,४०० लिहा. १,००,००० लिहिलं तर साधारण ९७.७ जीबी मिळतील. त्याच हिशोबाने बाजारातून आणलेली एक टीबीची डिस्क इथे ९३१ जीबी दिसते: कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने. दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

बऱ्याचदा २०० जीबी मोकळी असूनही श्रिंक फक्त १५-२० जीबीच देऊ करतं. कारण ड्राइव्हच्या शेवटाकडे कुठेतरी जागचं न हलणारं काहीतरी बसलेलं असतं: पेजफाइल (रॅमला हातभार लावणारी), हायबरनेशनची (रॅममधलं सगळं साठवून बंद होण्याची) फाइल किंवा सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी. नेमकं काय आडवं आलंय ते विंडोज स्वतःच लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉगमधली डीफ्रॅगची २५९ क्रमांकाची नोंद उघडली की त्या फाइलचं नाव दिसतं. हायबरनेशन आणि पेजफाइल तात्पुरती बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करायचं आणि काम झालं की दोन्ही पूर्ववत करायचं.

उलट बाजूने ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसण्याची तक्रारही नेहमीची. नियम असा की मोकळी, म्हणजे ‘अनॅलोकेटेड’ जागा त्या ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे हवी. डी ड्राइव्ह काढून टाकला आणि सी व डी यांच्या मध्ये छोटं रिकव्हरी पार्टिशन (डिस्कचा वेगळा राखलेला भाग) बसलेलं असेल तर एक्स्टेंड चालत नाही. ते पार्टिशन उडवून टाकण्याचा सल्ला बरेच देतात. पण विंडोज सुरू न होण्याच्या दिवशी दुरुस्तीची साधनं त्याच पार्टिशनवरून चालतात, हे ते सांगत नाहीत.

बाहेरची हार्ड डिस्क जोडली, दिवा लागला, पण फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. इथे येऊन बघा. डिस्क आहे पण तिला अक्षर नाही, असं असेल तर राइट-क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून एखादं मोकळं अक्षर द्या. ‘रॉ’ (म्हणजे आतली मांडणी विंडोजला वाचता येत नाही) लिहिलेलं असेल किंवा ‘इनिशियलाइज डिस्क’ असं विचारलं गेलं, आणि आत तुमचा मजकूर असल्याची खात्री असेल, तर कॅन्सल करा. फॉरमॅटही करू नका. इनिशियलाइज आणि फॉरमॅट नव्या कोऱ्या डिस्कसाठी आहेत. मजकूर हवा असेल तर आधी केबल बदला, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिला वीजच देऊ नका. कोऱ्या डिस्कला इनिशियलाइज करताना विभागणीची जीपीटी पद्धत निवडावी. जुन्या एमबीआर पद्धतीत दोन टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही.

ज्या ड्राइव्हवर सॉफ्टवेअर बसवलेली आहेत त्याचं अक्षर बदललं तर ती सॉफ्टवेअर सुरू होणं थांबतं, कारण त्यांचे शॉर्टकट आणि नोंदी जुन्या अक्षराकडे बोट दाखवत राहतात. आणि १००-२०० एमबीचं, ईएफआय नावाचं, अक्षर नसलेलं पार्टिशन दिसलं तर ते कचरा नाही. कॉम्प्युटर तिथूनच सुरू होतो.

व्ही: इव्हेंट व्ह्यूअर

कॉम्प्युटरवर काय काय घडलं याची विंडोजने ठेवलेली नोंदवही म्हणजे ही जागा. उघडायला जरा वेळ लागतो. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’, त्याखाली ‘सिस्टिम’. लाल आणि पिवळ्या खुणांच्या शेकडो ओळी दिसतील, आणि त्या धडधाकट कॉम्प्युटरवरही दिसतात. डिस्ट्रिब्युटेडकॉमची १०,०१६ क्रमांकाची नोंद तर जवळपास प्रत्येक यंत्रावर असते, आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी आहे.

हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे फसवणूक करणारे याच जागेचा वापर करतात. ‘मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय’ असं सांगून फोन येतो, तुम्हाला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात, लाल ओळी मोजायला लावतात, आणि ‘बघा किती व्हायरस’ म्हणून स्क्रीन शेअरिंगचं ॲप बसवायला सांगतात. मायक्रोसॉफ्ट असे फोन आपणहून करत नाही. फोन ठेवा. ॲप बसवून झालं असेल तर आधी इंटरनेट तोडा, बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. इथे मिनिटामिनिटाला महत्त्व असतं.

खरा उपयोग असा. कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो, तर उजवीकडच्या ‘फिल्टर करंट लॉग’मध्ये ४१, १०७४, ६००८ हे क्रमांक स्वल्पविरामाने लिहा. १०७४ म्हणजे कुठल्यातरी प्रोग्रॅमने किंवा वापरणाऱ्याने रीतसर बंद केलं. कोणी, तेही लिहिलेलं असतं. रात्रीतून बसलेली विंडोज अपडेट इथेच पकडली जाते. ६००८ म्हणजे आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. ४१, म्हणजे कर्नल-पॉवर, हा ‘नीट बंद न होता पुन्हा सुरू झालो’ एवढंच सांगतो, कारण सांगत नाही. कारणाचा धागा त्याच नोंदीच्या ‘डिटेल्स’ टॅबमधल्या बगचेककोडमध्ये असतो. तो शून्य असेल तर बहुधा वीज गेली, पॉवर सप्लाय दमला, यंत्र तापलं किंवा पूर्ण गोठलं. भारनियमनाच्या वेळेशी नोंदीची वेळ जुळते का ते आधी बघा, मग दुरुस्तीवाल्याकडे जा. शून्याऐवजी आकडा असेल तर विंडोज क्रॅश झालं होतं. हा आकडा दशमान पद्धतीत असतो, म्हणून तो हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीने मोजण्याच्या पद्धतीत, बदलून मग त्या कोडचा अर्थ शोधायचा. कॅल्क्युलेटरचा प्रोग्रॅमर मोड हे काम करतो.

ज्यांना एवढं खोल जायचं नाही त्यांनी स्टार्टच्या शोधात इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी बघावी. तीच माहिती तारखांच्या आलेखावर मिळते.

ओ: पॉवर ऑप्शन्स, आणि ‘शट डाउन’चा घोटाळा

विंडोज ११ मध्ये ओ दाबल्यावर सेटिंग्जचं नवं पान उघडतं. आपल्याला हवी असलेली जुनी खिडकी कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये आहे. तिथे डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वर ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’, आणि खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’.

फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तशीच उचलली जाते. म्हणून रोज रात्री बंद केलेला कॉम्प्युटरही टास्क मॅनेजरमध्ये, परफॉर्मन्समधल्या सीपीयू पानावर, बारा-पंधरा दिवसांचा ‘अप टाइम’ दाखवू शकतो. अडकलेला ड्रायव्हर शट डाउनने सुटत नाही आणि रीस्टार्टने सुटतो, त्याचं कारण हेच: रीस्टार्ट नेहमी पूर्ण होतो. एकदाच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. त्याच यंत्रावर लिनक्सही असेल तर मात्र फास्ट स्टार्टअप कायमचं बंद ठेवावं. नाहीतर विंडोजचा ड्राइव्ह अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतो आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देतं.

माउस नसताना बंद करायचं तर विंडोज-एक्स, यू, यू. रीस्टार्टसाठी विंडोज-एक्स, यू, आर. स्टार्ट मेनू गोठलेला असतानाही ही यादी बऱ्याचदा उघडते. पडदा पूर्णच अडकला तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर आणा आणि त्यातल्या ‘विंडोज एक्सप्लोरर’वर राइट-क्लिक करून रीस्टार्ट करा; टास्कबार परत येतो, उघडे दस्तऐवज जागेवर राहतात.

वाय: सिस्टिम, आणि ए: टर्मिनल

वाय दाबल्यावर रॅम, प्रोसेसर, आवृत्ती हे दिसतं. त्याच पानावर ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ अशी एक ओळ आहे. ती जुनी खिडकी उघडते. तिच्यातली दोन ठिकाणं कामाची. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची टिक काढली की क्रॅशचा निळा (अलीकडच्या विंडोज ११ मध्ये काळा) पडदा वाचण्याआधीच नाहीसा होत नाही. आणि ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ टॅबमध्ये सी ड्राइव्हपुढे ‘ऑफ’ असेल तर ते आजच चालू करा. अनेक यंत्रांवर ते बंदच असतं, आणि रिस्टोअर पॉइंट (विंडोज मागच्या स्थितीत नेणारी नोंद) लागतो त्या दिवशी तो सापडत नाही.

टर्मिनल ए दाबून उघडायचं की आय दाबून (आय म्हणजे ॲडमिन हक्कांशिवायचं साधं टर्मिनल), तर ॲडमिन हक्क लागणाऱ्या कामापुरतं ए, बाकी सगळ्यासाठी आय. विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासण्यासाठी ए उघडून एस-एफ-सी ही तीन अक्षरं, एक स्पेस, तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून ‘स्कॅननाऊ’ असं इंग्रजीत लिहून एंटर द्यायचं. टक्केवारी मध्येच थबकल्यासारखी वाटली तरी खिडकी बंद करू नका. इंटरनेटवरून उचललेली, अर्थ न कळणारी ओळ ॲडमिन टर्मिनलमध्ये चिकटवणं म्हणजे अनोळखी माणसाला ॲडमिनचे सगळे हक्क देणं. ‘मी रोबोट नाही हे सिद्ध करा’ असं म्हणत विंडोज-आर किंवा विंडोज-एक्स दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगणारी पानं हल्ली फिरताहेत. ती सरळ बंद करा.

विंडोज सुरूच नीट होत नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर पॉवर बटण उघडून शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ निवडा. निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, मग रीस्टार्ट; त्यानंतरच्या यादीत ४ म्हणजे सेफ मोड (मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणारं विंडोज) आणि ५ म्हणजे इंटरनेटसह सेफ मोड. या वाटेवर बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन (ही कुलूपबंदी) आपोआप चालू झालेलं असतं आणि ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. सेफ मोडमध्ये जाण्याआधी, किंवा बायोस (विंडोजच्याही आधी चालणारं, यंत्रातलंच सॉफ्टवेअर) अपडेट करण्याआधी, फोनवरून त्या खात्यात लॉगिन करून की दिसते का ते बघा आणि कागदावर लिहून घ्या. लॅपटॉप दुकानात घेताना दुकानदाराने स्वतःचाच ईमेल टाकून खातं सुरू करून दिलं असेल, तर की त्याच्याकडे आहे. ते खातं बदलण्याचं काम आधी करा.

यादीत बदल करता येतो का, असा प्रश्न काही जणांना पडतो. तिच्या ओळी म्हणजे तुमच्या ॲपडेटा फोल्डरमधल्या ‘विनएक्स’ नावाच्या फोल्डरात, ग्रुप १, २, ३ अशा गटांत ठेवलेले शॉर्टकट असतात. पण तिथे स्वतःचा शॉर्टकट नेऊन टाकला तरी तो यादीत येत नाही, कारण प्रत्येक शॉर्टकटवर विंडोजची एक खूण तपासली जाते. इतर प्रोग्रॅमनी यादीत घुसू नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. ती चुकवणारी साधनं मिळतात, पण प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर त्यांनी केलेले बदल तपासत बसावं लागतं. त्यापेक्षा हवा तो शॉर्टकट डेस्कटॉपवर बनवा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शॉर्टकट की’च्या चौकटीत एक अक्षर दाबा, आणि कंट्रोल-ऑल्टसह ते अक्षर तुमचं झालं.